सहा इंच

लालबागच्या डंकावर तीस वर्षं उभा आहे.
बेडगी, शंकेश्वरी, लवंगी,
नाकाला आता काही कळत नाही.
नवं गिऱ्हाईक शिंकतं, पदर तोंडाला लावतं,
मी वजनाचा काटा बघतो.

जाळ मला बाहेरून कधी लागला नाही.

लागला तो आतून,
ऐन मसाल्याच्या सीझनमध्ये, रात्री पावणेदोनला,
छातीच्या मधोमध, हाडामागे,
जणू कुणी तिथे शेगडी पेटवून विसरून गेलं.
कुंदानं शेजारच्या तळेकरांच्या मुलाला उठवलं.
टॅक्सी. केईएम. छातीला चिकटवलेल्या तारा.
"हृदय ठणठणीत आहे," तो पोरगेला डॉक्टर म्हणाला,
"जेवलात काय? किती वाजता?"

साडेअकरा. दुकान बंद करून.
सुकटीचं कालवण, भात, वर कपभर चहा,
आणि लगेच आडवा.
त्यानं ते असं लिहून घेतलं
जसा हवालदार जबाब लिहितो.

मग ढवळीकरबाई. दुर्बीण. घशात कडू फवारा.
"हे बघा भालेकर," त्यांनी पॅडवर चित्र काढलं,
एक नळी, एक पिशवी, मध्ये झडप.
"घास खाली गेला की हिनं मिटायचं. तुमची सैल झालीय.
आम्ल पोटाला सोसतं, त्याला तसं अस्तर असतं.
नळीला नसतं."
मी म्हटलं, डंकाच्या तोंडावरचं फडकं सुटलं
की तिखट दुकानभर, तसंच ना?
बाईंनी पेन खाली ठेवलं.
"अगदी तसंच."

गोळी सकाळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी.
जेवण आणि अंथरूण यांत तीन तास.
चार किलो कमी. पट्टा सैल.
आणि पलंगाचं डोकं सहा इंच वर.
"उशा रचू नका हं, त्यानं पोट दुमडतं. पलंगच उचला."

नाक्यावरचा फुटपाथ यंदा तिसऱ्यांदा उखडलाय.
चार पेव्हर ब्लॉक आणले पिशवीतून, चोरासारखे.
कुंदानं काथ्यानं घासले, वाळवले,
पलंगाच्या दोन पायांखाली दोन-दोन.
पहिल्याच रात्री दोघंही घसरत पायथ्याशी.
"घाटात राहायला आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

मला हसू आलं नाही.
मला आप्पा दिसले,
दाराशी लोखंडी खुर्चीत रात्रभर ताठ.
आम्ही भावंडं खाली सतरंजीवर.
शाळेत मी ऐटीत सांगायचो,
आमच्याकडे चोर येत नाही, आमचे आप्पा झोपतच नाहीत.
पेल्यात खायचा सोडा ढवळल्याची किणकिण,
मग ढेकर, मग बराच वेळ काही नाही.
त्यांना कुणी चित्र काढून दाखवलं नाही.
सहा इंचांचं गणित
त्यांनी अख्खा देह उभा ठेवून सोडवलं.
आणि आम्ही त्याला राखण म्हणालो.

तीन महिने झाले. आठला जेवतो.
दुकानात डबा उघडतो तेव्हा गिऱ्हाईक चिडतं,
चिडू दे.
गेल्या रविवारी भाच्याच्या हळदीला
रात्री दहाला मटण हाणलं, खोटं कशाला बोलू.
शेगडी परत पेटली.
अंधारात सोड्याचा डबा शोधला;
कुंदानं तो कधीच हलवला होता.

डाव्या कुशीवर झोपा, असंही बाई म्हणाल्या होत्या,
अगदी शेवटी, मी दार लोटत असताना.
माझ्या उजवीकडे भिंत.
सव्वीस वर्षं तिच्याकडे तोंड करून झोपलो.
डावीकडे कुंदा.

अजून सवय नाही.
तिचा श्वास गालावर येतो, कुठे बघावं कळत नाही.
तिच्या केसांना मिरचीचा वास आहे,
माझ्याच कपड्यांचा असणार,
इतक्या वर्षांत मला आला नव्हता.

पहाटेपर्यंत पुन्हा दोघंही पायथ्याशी.